खांबावर एकच ठोका

पान परत आलं ते टपालानं नाही, हातोहात आलं. आमच्या संघात उजव्या कडेला खेळणारा माझा जुना सोबती सकाळी दहाच्या सुमारास घरी आला, खुर्चीत बसला, आणि चहा यायच्या आत त्यानं चार घड्या घातलेला कागद टीपॉयवर ठेवला. दौंडच्या जुन्या खेळाडूंची स्मरणिका निघणार आहे. तिच्यासाठी माझ्या गोलकीपर म्हणून गेलेल्या वर्षांवर एक पान लिहून द्या, असं ती काढणाऱ्यांनीच मला सांगितलं होतं. मी लिहून दिलं. तेच आता परत आलं होतं.

"हे छापता येत न्हाई," तो म्हणाला.

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"चेष्टा पुरे. पहिलं पान तुझं ठेवलंय. रंगीत फोटो घेतलाय. आन् तू हे लिहून देतोस? पोरांनी वाचून काय घ्यायचं यातनं?"

"खरं काय झालं ते घ्यायचं."

"अरं, पासष्टी उलटली आपली. संघातले निम्मे गेले. आता उकरून तुला काय मिळणार हाय?"

"मला न्हाई. त्याला मिळंल."

माझी बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता त्याला म्हणाली, "भावजी, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ह्यांनी मला हे सांगितलं. तवाच मी म्हणलं हुतं, त्या माणसाला जाऊन सांगा. इतक्या वर्षांनी लिहिलंय, तर आता तुम्ही आडवे येताय व्हय?"

त्यानं चहा घेतला. जाताना दारात वळून म्हणाला, "मधला परिच्छेद तेवढा काढ. बाकी झकास हाय."

"मधला काढायचा तर फोटो पण काढा," मी म्हणालो.

मधला परिच्छेद मी काढणार नाही. उलट तो वाढवून इथं लिहितो आहे. मला गप्प बसायला सांगणारे सगळे माझ्याच भल्यासाठी सांगतात, हे मला कळतं. पण गेली चाळीस वर्षं मी माझं भलंच तर करत आलो आहे.

आधी एक गोष्ट. मी चांगला गोलकीपर होतो. चूक कबूल करणाऱ्या माणसानं सगळंच कमी करून सांगावं अशी लोकांची अपेक्षा असते. मी तसं करणार नाही. तेही खोटंच ठरेल, आणि मला एक खोटं पुरे झालं.

हँडबॉल म्हटलं की लोक आजही विचारतात, "म्हंजी व्हॉलीबॉल का?" माझ्या गावी, वडगाव रासाईला, माझे वडील शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "थोरला दौंडला चेंडू अडवायच्या नोकरीला हाय." ते फार चुकीचं नव्हतं. दौंडला एका सरकारी खात्याचा संघ होता. खेळावर माणसं घ्यायचे. हजेरी कचेरीत लागायची आणि दिवस मैदानावर जायचा. आधी दोन वर्षं तात्पुरते, मग साहेब शिफारस करतील ते कायम. साहेब म्हणजे आमचे प्रशिक्षक. त्यांच्या एका कागदावर आमचं सगळं होतं.

हा खेळ सात जणांचा. गोल तीन मीटर रुंद आणि माणसाच्या डोक्याच्या थोडासाच वर. त्याच्यासमोर सहा मीटरवर फक्कीनं आखलेली वाकडी रेष. तिच्या आत गोलकीपरशिवाय कुणी पाय टेकवायचा नाही. पण फेकणारा रेषेबाहेरून उडी मारतो, हवेतच आत येतो आणि चार पावलांवरून चेंडू सोडतो. गोलकीपरला हातमोजे नसतात. झेलायला वेळ नसतो. अंग मध्ये घालायचं. हात, मांडी, पोट, तोंड, जे आधी पोचेल ते. सगळ्यात अवघड असतं डोळे उघडे ठेवणं. ते शिकवायला साहेब मला खांबाला पाठ लावून उभं करायचे आणि पाच पावलांवरून माझ्या दोन्ही कानांजवळून चेंडू फेकायचे. पापणी हलली की पुन्हा पहिल्यापासून. ती हलायची थांबायला मला दीड वर्ष लागलं. माझी उजवी करंगळी अजून सरळ होत नाही. नाकाचं हाड दोनदा मोडलं आहे. यातलं काहीही मला कुणी दान दिलेलं नाही.

पण गोलकीपर एकटा नसतो. त्याच्यापुढं रेषेवर खेळाडू हात वर करून उभे राहतात. त्यांना आम्ही भिंत म्हणायचो. भिंतीच्या मधोमध माझा जोडीदार असायचा. तो शिरूरचा. घरचं गाद्या भरायचं दुकान होतं; बाप आणि दोघे चुलते दिवसभर कापूस पिंजत असायचे. अंगापिंडानं माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि उडी अशी की उतरायचं विसरला की काय असं वाटावं. आम्ही दोघं एकाच महिन्यात तात्पुरते लागलो, एकाच खोलीत राहिलो. त्याच्या आईनं भरून दिलेल्या दोन गाद्या आमच्या खोलीत होत्या. त्यातली चांगली मी वापरायचो. त्यानं कधी तक्रार केली नाही.

आमची एक खूण होती. सगळा गोल एका माणसाला झाकता येत नाही, म्हणून तो भिंत आणि गोलकीपरनं वाटून घ्यायचा असतो. फेकणारा आला की मागं वळून बोलायला सवड नसते. म्हणून समोरचा संघ चेंडू घेऊन निघाला की मी लाकडी खांबावर मूठ मारायचो. एकदा मारली की फेकणाऱ्याच्या हाताची बाजू भिंतीची, उरलेली माझी. दोनदा मारली की उलट. ही खूण आम्ही दोघांनीच बसवली होती आणि दोघांनाच माहीत होती. साहेबांनाही आम्ही इतकंच सांगितलं होतं की मी ठोका देतो आणि तो ऐकतो. त्यानं कधीही, गर्दी कितीही ओरडत असली तरी, चुकीचा ठोका ऐकला नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहू शकतो. त्यानं कधीही चुकीचा ठोका ऐकला नाही.

आम्हाला कायम करायचं की नाही हे ज्या सामन्यावर ठरणार होतं, तो परगावी होता. शेवटचं मिनिट, दोन्हीकडं सारखे गोल. समोरच्यांचा एक उंच, उजव्या हातानं फेकणारा खेळाडू होता. त्यानं त्या दिवशी दोनदा हाताच्या बाजूनंच चेंडू घातला होता. मैदानाच्या कडेला राज्याच्या संघाची निवड करणारे एक गृहस्थ बसले होते, आणि मी सगळा वेळ डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडं बघत होतो.

ते चेंडू घेऊन निघाले. मी खांबावर एकदा मूठ मारली. एकदाच. म्हणजे हाताची बाजू माझ्या जोडीदाराची, दुसरी माझी. तो उंच खेळाडू उडाला. त्याच वेळी माझ्या मनात आलं की हा तिसऱ्यांदाही तिकडंच फेकणार, आणि तो चेंडू मी आडवी उडी घेऊन एका हातानं काढला, तर कडेला बसलेला माणूस मला विसरणार नाही. मी माझी बाजू सोडली. जोडीदाराचे दोन्ही हात तिथंच होते, जिथं असायला पाहिजे होते. म्हणून फेकणाऱ्यानं चेंडू दुसरीकडं घातला. माझ्या बाजूला. तिथं कुणीच नव्हतं.

आम्ही हरलो. गोलापासून आमच्या बाकापर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील. तेवढ्या अंतरात मी एक वाक्य जुळवलं. ते घाईत तोंडातून गेलं, असं मी बायकोला सांगितलं होतं. तेही खरं नाही. मी ते चालता चालता दोनदा मनात म्हणून बघितलं.

साहेबांनी विचारलं, "बाजू कुणाची होती?"

मी म्हणालो, "दोनदा वाजवलं होतं, साहेब. त्याला ऐकू गेलं नसंल."

मी त्याला शिवी दिली असती तर तो मला मारायला धावला असता, आणि साहेबांना काहीतरी संशय आला असता. मी शिवी दिली नाही. मी त्याची बाजू घेतल्यासारखं केलं.

तो म्हणाला, "एकच वाजलं, साहेब. खुदा की कसम, एकच." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी बूट सोडत होतो.

कुणाच्या शब्दाला वजन येणार हे मला माहीत होतं. माझे चुलते सोसायटीचे चेअरमन होते, आणि दौंडला आले की साहेबांच्या घरी हुरड्याची पिशवी जायची. त्याच्यामागं कापूस पिंजणारं घर होतं. त्याच्या नावावरूनही चारजण चार गोष्टी बोलले. त्या मी इथं लिहिणार नाही. लिहिणं म्हणजे पुन्हा बोलणंच. तेव्हा मी एकाचंही तोंड धरलं नाही. साहेबांनी माझी शिफारस केली, आणि त्याच्या कागदावर शेरा मारला: ऐकण्यात कमी. त्या शेऱ्यामुळं दुसऱ्या कुठल्या खात्याच्या संघानंही त्याला घेतलं नाही.

मी कायम झालो. राज्याकडून खेळलो. पुढं पुष्कळ वर्षं त्या गोलात उभा राहिलो आणि नंतर पोरांना शिकवलं. त्यातला प्रत्येक चेंडू मी अडवला तो माझ्याच अंगानं अडवला. पण ज्या गोलात मी उभा होतो, तो मला कसा मिळाला हे मी बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाही.

तो शिरूरला दुकानात बसला. संघातल्याच कुणीतरी ती गोष्ट तिथं नेली, आणि गावाला एक खेळ मिळाला. तो दिसला की कुणीतरी टेबलावर, दारावर, सायकलच्या सीटवर दोनदा टकटक करायचं आणि विचारायचं, "किती ऐकलं?" मला हे ऐकून माहीत नाही. मी बघितलं आहे. निवृत्तीच्या आसपास एकदा शिरूरहून न्हावऱ्याकडं येणाऱ्या एसटीत मी मागच्या बाकावर होतो. स्टँडवर तो चढला. पुढच्या बाकावरचा एकजण कंडक्टरला म्हणाला, "मास्तर, डबल बेल जोरात द्या. आमच्या चाचांना दोन ऐकू येत न्हाईत." अर्धी गाडी हसली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला. मी पेपर तोंडासमोर धरला आणि न्हावऱ्यापर्यंत खाली घेतला नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. मी स्वतःहून उठलो नाही, हेही लिहून ठेवतो. या वर्षी त्याची मुलगी माझ्या घरी आली. शिरूरला शाळेत शिक्षिका आहे. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काका, एकच विचारायला आले. त्या दिवशी किती वाजले होते?"

"एक," मी म्हणालो. इतकं सोपं होतं ते.

तिनं मान हलवली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी तर दोन कधी मानलेच नव्हते. अब्बांना आता खरंच कमी ऐकू येतं. मी कानाचं मशीन आणलंय, सहा महिने झाले. डबी उघडली नाही त्यांनी. म्हणतात, हे लावलं की सगळे म्हणणार, बघा, तवाच बहिरा होता. मागच्या महिन्यात मागून टेम्पो आला, हॉर्न ऐकू आला नाही. हाताला खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. दर वेळी तेवढ्यावर निभावेल का?"

"मी काय करू?"

"ते तुम्ही ठरवा," ती म्हणाली आणि चप्पल घालून गेली.

मी ते स्मरणिकेचं पान लिहिलं ते त्यामुळं. मला वाटलं, छापून आलं की घेऊन जाईन. छापील कागद पुढं केला की बोलावं लागणार नाही, असा माझा हिशेब होता. पान परत आलं आणि तो हिशेब चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिरूरच्या गाडीत बसलो.

बाजाराचा दिवस होता. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे. समोर चहाची टपरी आणि टपरीपुढं दोन बाक, त्यावर चार-पाच म्हातारे. तो दुकानाच्या फळीवर मांडी घालून गादीला टाके घालत होता. मी समोर उभा राहिलो तरी त्यानं आधी टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला, आणि मग वर बघितलं.

"गोलकीपर," तो म्हणाला. एवढंच.

मी बोलायला लागलो. पोरगी आली होती, मी पान लिहिलं होतं, ते छापत नाहीत, मला माफ कर. तो माझ्या ओठांकडं बघत होता. मग त्यानं सुई गादीत खुपसली.

"माझ्याकडं तोंड करून कशाला सांगतो? मला माहीत न्हाई का? तिकडं तोंड कर." त्यानं हनुवटीनं टपरीकडं दाखवलं. "त्यांना सांग."

मी वळलो. बाकावरच्या एकानं मला ओळखलं. "आरं, हे दौंडचे गोलकीपर आबा! बसा, बसा. चाचा, तुमचे दोस्त आले." आणि सवयीनं, त्याच्याही नकळत, त्याची बोटं बाकावर दोनदा वाजली.

मी पुढं झालो आणि त्याच बाकावर मूठ मारली. एकदा. कपबशा हलल्या.

"एवढंच वाजलं होतं," मी म्हणालो. "त्या दिवशी मी एकदाच वाजवलं. यानं बरोबर ऐकलं. चूक माझी होती आणि मी खोटं बोललो."

मग तोच माणूस हसून म्हणाला, "आबा, मोठं मन हाय तुमचं. दोस्ताच्या म्हातारपणी सगळं सोत्तावर घेताय. कोण करतंय आजकाल?"

दुसरा म्हणाला, "व्हय, माणूस असावा तर असा."

चाळीस वर्षांपूर्वी माझं खोटं चांगुलपणासारखं दिसलं होतं, आणि आता माझं खरंही त्यांना चांगुलपणासारखंच दिसत होतं. मागं वळून बघितलं तर तो तोंड वाकडं करून हसत होता. बघ, असं तो न बोलता म्हणत होता.

"ऐका नीट," मी म्हणालो, आणि माझा आवाज मैदानावर चढायचा तसा चढला. "माझं मन मोठं न्हाई. मी खोटारडा हाय. गोलापासून बाकापर्यंत चालत येताना मी वाक्य जुळवलं. दोनदा मनात म्हणून बघितलं. 'ऐकू गेलं नसंल' हे मी मुद्दाम म्हणालो, कारण शिवी दिली असती तर साहेबांना पटलं नसतं. नोकरी मला पाहिजे होती. ती मी याच्याकडनं घेतली. तुम्ही इतकी वर्षं बाकावर दोनदा वाजवताय ना? तो दुसरा ठोका मी तिथं कधी मारलाच नव्हता. तो मी नंतर तोंडानं मारला."

बाकावरच्या माणसाचं हसू गेलं. त्यानं आपला हात मांडीखाली घेतला. एकजण हळूच म्हणाला, "मग इतकी वर्षं काय केलंत?"

"पेन्शन खाल्ली," मी म्हणालो.

त्यावर कुणाला हसायला आलं नाही. फक्त मागून, फळीवरून, एक खोकल्यासारखा आवाज आला. तो हसला होता.

"माफी न्हाई," तो मला म्हणाला. "ती मागू नको. मिळायची न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

मग त्यानं सुया-दोऱ्यांचा खण ओढला, रिळं बाजूला केली आणि एक छोटी पांढरी डबी काढली. तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ते त्यानं सुईनं फाडलं. मशीन उलटं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यातून बारीक शिट्टी वाजायला लागली तशी त्यानं एक सणसणीत शिवी हासडली. टपरीवाला म्हणाला, "चला, आता चाचांना आपलं सगळं ऐकू येणार. जपून बोला रे."

"बोलाच," तो म्हणाला. गल्लीत टेम्पो मागं घेत होते, कुणी कोथिंबिरीचा भाव ओरडत होतं. तो थोडा वेळ मान तिरकी करून ते सगळं ऐकत राहिला. मग माझ्याकडं वळला.

"परत सांग. मगाशी अर्धंच ऐकू आलं."

मी पुन्हा तसंच ओरडून सुरू केलं.

"वरडतो कशाला? बहिरा हाय का मी? सावकाश सांग. पहिल्यापासनं सांग."

म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. तो फेकणारा कुठून आला, मी खांबावर मूठ कशी मारली, माझी बाजू का सोडली, बाकापर्यंत किती पावलं होती, साहेबांनी काय विचारलं, मी काय म्हणालो. बाकावरचा तो माणूस पिशवी उचलून हळूच उठायला लागला.

"बस खाली," माझा जोडीदार त्याला म्हणाला. "संपलं न्हाई अजून."